ठरावाची वही आणि हसदेवचे अरण्य

कोळशाचा इतिहास लिहिणारे बहुधा जमिनीच्या खालून वर येतात. प्रथम भूस्तरांची माहिती, मग खाणी, मग आगगाडी, मग विजेची केंद्रे, असा त्यांच्या निरूपणाचा क्रम असतो. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत राणीगंज येथे समनर व हीटली या दोघा इंग्रजांना कोळसा काढण्याची परवानगी मिळाली, तेथून ही कथा सुरू होते. या कथेत शास्त्रज्ञ आहेत, भांडवलवाले आहेत, मजूरही आहेत. ज्यांच्या शेतांखाली आणि रानांखाली कोळसा सापडला, ते गावकरी मात्र एखाद्या तळटीपेत उरकलेले दिसतात. त्या तळटीपेचाच थोडा विस्तार करावा, असा आमचा येथे हेतू आहे. खाण निघण्यापूर्वी गावाला काही विचारले जात होते काय, विचारले तर ते कोणत्या कागदावर, आणि गावाने दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. त्यासाठी छत्तीसगडातील हसदेव अरण्य हे एकच स्थळ डोळ्यांपुढे ठेवू.

कोरबा, सरगुजा व सूरजपूर या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १,७०,००० हेक्टर क्षेत्रावर हे रान पसरलेले आहे. सालवृक्षांची दाट बने, त्यांत मोह, तेंदू आणि चार; मधूनमधून भाताची शेते आणि गोंड, उरांव इत्यादी आदिवासींची लहान लहान गावे. हत्तींची ये-जा या रानातून फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. सोनहतच्या डोंगराळ भागातून उगम पावलेली हसदेव नदी याच अरण्याचे पाणी घेऊन बांगोच्या धरणात येते आणि पुढे जांजगीर-चांपाच्या भातशेतीला ओलावा देऊन महानदीला मिळते. या सर्वांच्या खाली कोळसा आहे. भूगर्भवेत्त्यांनी सुमारे १,८८० चौरस किलोमीटरचे हसदेव-अरंड कोळसाक्षेत्र आखलेले असून त्याचे तेवीस पट्टे पाडले आहेत. कोळसा फार खोल नसल्यामुळे तो बोगद्यांनी न काढता वरचे सारे रान उतरवून उघड्या खाणीतून काढावयाचा, अशी येथील रीत आहे. म्हणून येथे खाण म्हणजे जंगलाच्या पोटातले एक भोक नव्हे. खाण आली की त्या जागेवर जंगल उरत नाही.

या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध अगदीच नाही असे समजू नये. सरगुजा संस्थान १८१८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे ते छोटा नागपूरच्या संस्थानांत मोडत असे. १९०५ मध्ये ते मध्य प्रांताला जोडण्यात आले. १ जानेवारी १९४८ रोजी ते मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाल्यापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सरगुजाची राजधानी नागपूर हीच होती. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची पहिली आठ-नऊ वर्षे तेथील कागद नागपूरच्या सचिवालयात येत होते. त्यानंतर भोपाळ आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर, असा त्या कागदांचा प्रवास झाला. राजधान्या बदलल्या, पण गावाकडून सरकारकडे आणि सरकारकडून गावाकडे जाणारा कागद हेच दोघांमधले मुख्य दळणवळण राहिले.

आता त्या कागदाकडे वळू. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार दिला, हे सर्वश्रुत आहे. कोळशासाठी मात्र स्वतंत्र भारताने स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने कोळशाचे वार्षिक उत्पादन ३.८ कोटी टनांवरून ६ कोटी टनांवर नेण्याचे ठरविले होते. १९५६ मध्ये सरकारी कोळसा निगम स्थापन झाले होते. पोलाद आणि वीज यांवाचून देश उभा राहणार नाही, अशी त्या काळची प्रामाणिक श्रद्धा होती. त्या श्रद्धेतून १९५७ चा विसावा कायदा, म्हणजे कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, जन्माला आला. कायदा आटोपशीर आहे. चौथ्या कलमान्वये सरकारने राजपत्रात सांगावयाचे की अमुक क्षेत्रात कोळशाचा शोध घेण्याचा आमचा इरादा आहे. सातव्या कलमान्वये सांगावयाचे की ते क्षेत्र घेण्याचा इरादा आहे. आठव्या कलमान्वये हितसंबंधी व्यक्तीने तीस दिवसांच्या आत हरकत घ्यावयाची. नवव्या कलमान्वये संपादनाची घोषणा, आणि दहाव्या कलमान्वये जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन पूर्णपणे केंद्र सरकारकडे निहित. अकराव्या कलमाने ती सरकारी कंपनीला देता येते.

हा क्रम बारकाईने वाचला असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, या कायद्याला व्यक्ती दिसते, गाव दिसत नाही. हरकत घ्यावयाची ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या, भरपाईस पात्र असलेल्या माणसाने. ज्या रानातून घरातील बायका मोह वेचतात, तेंदूची पाने तोडतात, चारोळी फोडून बाजारात नेतात, त्या रानाच्या वतीने हरकत घेणारा या कायद्यात कोणीच नाही. दुसरी गोष्ट आठव्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. या जमिनीतून मी स्वतःच कोळसा काढू इच्छितो, सबब सरकारने तो काढू नये, असे म्हणणे ही हरकत समजली जाणार नाही, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. हे वाक्य लिहिताना मसुदाकारांपुढे खाजगी खाणमालक असावेत, असे त्या काळावरून वाटते. पण पुढे अर्धशतकानंतर सरगुजाच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, तमनार तहशिलीतील गारे या गावी आणि आसपासच्या गावांतून शेतकरी दर वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याच जमिनीतील कोळसा हाताने काढू लागले. त्याला ते कोळसा सत्याग्रह म्हणतात. दांडीला मिठाची चिमूट उचलली गेली, त्याच परंपरेतले हे कृत्य आहे. आणि कायद्याने जी हरकत हरकत मानली नाही, नेमकी तीच ते उघड्यावर नोंदवीत असतात.

या कायद्याखाली गावाच्या वाट्याला काय येऊ शकते, याचे एक उदाहरण ओडिशातील सुंदरगड जिल्ह्यात घडले. तेथील काही गावांची जमीन १९८० च्या दशकात याच अधिनियमान्वये संपादित झाली. पण प्रत्यक्ष खाण निघाली नाही आणि भरपाईही मिळाली नाही. कागदोपत्री जमीन सरकारची, नांगर मात्र जुन्या मालकाचाच, अशा स्थितीत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. अखेर जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालून दाव्यांच्या निर्णयासाठी आयोग नेमावा लागला. राजपत्रातील एक ओळ किती वर्षे एखाद्या घरावर टांगलेली राहू शकते, हे यावरून कळावे.

१९५७ च्या या रचनेला पहिला मोठा छेद गेला तो १९९६ मध्ये. भूरिया समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पंचायत राज्याचा विस्तार अनुसूचित क्षेत्रांत करणारा, ‘पेसा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याने ग्रामसभेला, म्हणजे निवडलेल्या पंचांना नव्हे तर गावच्या सर्व प्रौढ मतदारांच्या सभेला, मान दिला व जमीन घेण्यापूर्वी तिच्याशी किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय करावा असे सांगितले. त्यानंतर २००६ च्या वनाधिकार कायद्याने रानावरील सामुदायिक हक्क मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या आपल्या गावाला २००९ मध्ये देशात सर्वांआधी मिळालेल्यांपैकी असा सामुदायिक हक्क मिळाला, हे आमच्या वाचकांना स्मरत असेल. त्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन दुसऱ्या कामासाठी मागताना ग्रामसभेचा संमतीदर्शक ठराव जोडणे आवश्यक केले. १८ एप्रिल २०१३ रोजी नियमगिरीच्या बॉक्साइटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपविला आणि त्या वर्षी बारा ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिला. त्या डोंगरावर खाण निघाली नाही.

अशा रीतीने ज्या गावाला १९५७ च्या कायद्यात जागा नव्हती, त्याला पन्नास वर्षांनी फाइलीत एक पान मिळाले. परंतु जुना कायदा रद्द झाला नव्हता. तो तसाच उभा राहिला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानेही कोळसाधारक क्षेत्रांच्या अधिनियमाला आपल्या संमतीविषयक तरतुदींतून वगळले. भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या २०१५ पासून लागू झाल्या. म्हणजे एकाच रानावर दोन कायदे नांदू लागले. जमीन एका कायद्याने न विचारता घेता येते. तिच्यावरील जंगल दुसऱ्या कायद्याने विचारल्यावाचून तोडता येत नाही. हसदेवचा सारा झगडा या दोन कायद्यांमधल्या फटीत घडला आहे.

घटनाक्रम असा. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण व कोळसा या दोन मंत्रालयांच्या संयुक्त पाहणीनंतर हसदेव-अरंड हे खाणीसाठी प्रवेश-निषिद्ध क्षेत्र गणले गेले होते. तरी जून २०११ मध्ये परसा ईस्ट केते बासन या पट्ट्याला तत्त्वतः वनमंजुरी मिळाली. वन सल्लागार समितीने नकार सुचविला होता. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी तो डावलला आणि हे पट्टे अरण्याच्या कडेला असून मधल्या टेकड्यांमुळे मुख्य पाणलोटापासून वेगळे आहेत, हे कारण दिले. आतील भागात मात्र खाणी नकोत, असेही त्यांनी त्याच टिपणात नोंदविले. हा पट्टा राजस्थानच्या सरकारी वीजउत्पादन निगमाचा असून खाण चालविण्याचे काम अदानी समूहाकडे आहे. २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले. मंजुरी १,८९८ हेक्टर वनभूमीची होती, त्यांतील ७६२ हेक्टर पहिल्या टप्प्यात. केते हे गाव पुरते उठले. मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ही वनमंजुरी रद्द करून फेरविचार सांगितला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम चालू ठेवण्यास अनुमती दिली.

त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातील २१८ पैकी २१४ कोळसापट्ट्यांची वाटपे रद्द केली. नवे वाटप होणार हे दिसताच हसदेवच्या गावांनी एक विलक्षण शहाणपणाचे पाऊल उचलले. २०१४-१५ च्या हिवाळ्यात सुमारे वीस ग्रामसभा भरल्या आणि आमच्या हद्दीतील पट्टे कोणालाही देऊ नयेत, असे ठराव त्यांनी आधीच करून ठेवले. आजवर सरकार बोलत असे आणि गाव तीस दिवसांत उत्तर देत असे. येथे गाव प्रथम बोलले. हसदेव अरण्य बचाओ संघर्ष समितीने या गावांना एकत्र बांधले. या कार्याबद्दल तिचे आलोक शुक्ला यांना २०२४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

ठरावांना आलेले उत्तर दोन प्रकारचे होते. घाटबर्रा या गावाला २०१३ मध्ये सामुदायिक वनहक्काचे पत्र मिळाले होते. जानेवारी २०१६ मध्ये जिल्हा प्रशासनाने ते रद्द केले. गावकरी त्या हक्काच्या आधारे खाणीच्या कामाला अडथळा करतात, हे एक कारण त्या आदेशात होते. हक्क वापरला म्हणून हक्क गेला, असा याचा सरळ अर्थ होतो. वनाधिकार कायद्यात दिलेला हक्क असा काढून घेण्याची तरतूद कोठे आहे, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे.

दुसरा प्रकार अधिक खोल जाणारा आहे. शेजारच्या परसा पट्ट्यासाठी ८४१ हेक्टर वनभूमी मागितली गेली, तेव्हा साल्ही, हरिहरपूर व फतेहपूर या तीन गावांचे संमतीचे ठराव फाइलीत दाखल झाले. २०१७-१८ मधील हे ठराव पाहून गावकरी म्हणाले, असा विषय आमच्या सभेत निघालाच नव्हता. सभा उठल्यावर तो वहीत लिहिला गेला. अशी तक्रार प्रथमच झाली असे नव्हे. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात, महान पट्ट्यासाठी अमेलिया गावच्या मार्च २०१३ च्या ग्रामसभेचा जो ठराव दाखविला गेला, त्यात मृतांच्याही सह्या असल्याचे गावकऱ्यांनी उघडकीस आणले होते. तो पट्टा पुढे लिलावातून वगळण्यात आला. हसदेवमध्ये तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे साडेतीनशे स्त्री-पुरुष मदनपूरहून पायी निघाले आणि दहा दिवसांत तीनशे किलोमीटर चालून रायपूरला राज्यपालांना भेटले. त्यांची मागणी साधी होती: बनावट ठरावांची चौकशी करा. राज्यपालांनी चौकशीविषयी राज्य शासनाला लिहिले. त्याच महिन्यात केंद्राची अंतिम वनमंजुरी आली. पुढे मे २०२२ मध्ये बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने जमीन संपादनाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. संपादन झाले होते ते १९५७ च्याच कायद्याखाली. मात्र २०२४ मध्ये राज्याच्या अनुसूचित जमाती आयोगाने चौकशी करून ग्रामसभेचे ते कागद खोटे असल्याचा निष्कर्ष काढला. खाणीच्या बाजूचे म्हणणे, सर्व मंजुऱ्या नियमांप्रमाणे मिळाल्या आहेत, असेच राहिले.

येथे दुसऱ्या बाजूचेही न्याय्य म्हणणे सांगितले पाहिजे. राजस्थानजवळ स्वतःचा दगडी कोळसा नाही. तेथील ४,३४० मेगावॅट क्षमतेची औष्णिक केंद्रे या पट्ट्यांवर अवलंबून असल्याचे ते राज्य सांगते. जयपूर-कोट्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या घरातील दिवा कदाचित याच कोळशावर जळत असेल. शिवाय खाणीत नोकरी मिळालेले, तिच्या बाजूने उभे राहिलेले गावकरीही त्याच भागात आहेत. वीज नको असे हसदेवचे लोकही म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, देशात अन्यत्र कोळसा आहे; हे रान अन्यत्र नाही. भारतीय वन्यजीव संस्थेनेही २०२१ च्या आपल्या अहवालात, चालू खाणीपलीकडे या क्षेत्रात नवी खाण काढू नये, असे सुचविले आणि हत्ती व माणूस यांच्यातील झगडा त्या राज्यात आधीच किती तीव्र आहे ते दाखविले.

मग या साऱ्या धडपडीचे फलित काय? जमेच्या बाजूला बरेच आहे. जून २०२० मध्ये केंद्राने ४१ पट्टे लिलावास काढले, तेव्हा नऊ सरपंचांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. राज्यानेही आक्षेप घेतला आणि हसदेव परिसरातील व त्याला लागून असलेले पाच पट्टे यादीतून निघाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये लेमरू हत्ती राखीव क्षेत्र सुमारे १,९९५ चौरस किलोमीटरचे अधिसूचित झाले. २ मार्च २०२२ पासून हरिहरपूरला धरणे सुरू झाले. २६ जुलै २०२२ रोजी राज्याच्या विधानसभेने हसदेवमधील सर्व पट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. खर्चाच्या बाजूला डिसेंबर २०२३ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात दुसऱ्या टप्प्यासाठी तोडलेली हजारो झाडे आहेत आणि १७ ऑक्टोबर २०२४ रोजी परसा पट्ट्यातील तोडीच्या वेळी गावकरी व पोलीस यांच्यात झालेली चकमकही आहे. तिच्यात दोन्हीकडची माणसे जखमी झाली. तेवीस पट्ट्यांतील बहुतेकांवर अद्याप रान उभे आहे, आणि ते उभे राहण्यात वरील ठरावांचा मोठा वाटा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या इतिहासातून आम्हांला जो अर्थ दिसतो तो कोळशापेक्षा कागदाविषयीचा आहे. राज्य हे कागदावर चालते, हे आपण सारे नोकरपेशातील लोक जाणतो. सभेला कोण हजर होते, काय बोलले गेले, काय ठरले, हे इतिवृत्तात जसे लिहिले जाईल तसेच वरच्या कार्यालयाला कळते. मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याला साल्हीचे रान दिसत नाही, साल्हीच्या ठरावाची नक्कल दिसते. म्हणूनच ती वही लिहिणाऱ्या सचिवाची लेखणी ही लहान गोष्ट नव्हे. १९५७ च्या कायद्याने गावाला विचारले नाही, हा अन्याय असेल. पण तो उघड होता, छापील होता, त्याच्याशी वाद घालता येत होता. ज्या गावाला विचारल्याचे दाखवून त्याच्या तोंडी न बोललेले शब्द घातले जातात, त्याच्यापुढे वाद घालण्याचीही सोय राहत नाही. कारण तेथे गावाचीच सही गावाविरुद्ध साक्ष देते.

हसदेवच्या लोकांनी या कागदाकडे पाठ फिरविली नाही, याचे आम्हांला विशेष वाटते. फसवणुकीनंतरही त्यांनी ग्रामसभा भरविणे सोडले नाही; नवे ठराव केले, नकला मागितल्या, अर्ज केले, सह्या पडताळून पाहिल्या आणि ज्या वहीत खोटे लिहिले गेले असे त्यांचे म्हणणे होते, त्याच वहीत खरे लिहिले जावे म्हणून तीनशे किलोमीटर चालले. राज्याच्या शब्दावर याहून मोठा विश्वास कोणी दाखवू शकेल असे आम्हांस वाटत नाही. तो विश्वास सार्थ ठरतो की नाही, हे राजपत्राने ठरावयाचे नाही; ज्यांच्या टेबलावरून अशी वही पुढे सरकते, त्या प्रत्येकाने ती पुढे सरकविण्यापूर्वी उघडून वाचली की नाही, यावर ते ठरणार आहे.